टेनिसमध्ये उंच उसळणाऱ्या चेंडूवर फोरहँड कसा सुधारावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यात सिमेंटच्या कोर्टावर आपण सकाळी खेळता, जोडीदार भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) देतो, चेंडू खांद्यापर्यंत उसळतो आणि कमरेच्या उंचीवर उत्तम बसणारा आपला फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) अशा चेंडूवर एकतर नेटमध्ये जातो किंवा बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) बाहेर पडतो, सुट्टीत पाचगणीला खेळायला गेल्यावर हा त्रास आणखी वाढतो. मी सांगलीत मातीच्या कोर्टावर खेळतो आणि संध्याकाळी शिकाऊ मुलांचा सराव घेतो. मातीवर टॉपस्पिनचा चेंडू अधिकच उसळतो, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. बहुतेक वेळा तिच्या मुळाशी एकच समजूत असते: चेंडू उंच आला आहे, म्हणजे तो वरून खाली हाणता येईल.

ही समजूत आकड्यांवर टिकत नाही. बेसलाइनपासून नेट ११.८८५ मीटरवर आहे आणि मधोमध त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर आहे. आपण खांद्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.४ मीटरवर, चेंडू अगदी आडवा आणि फारशी फिरकी न देता ताशी ८० किलोमीटर वेगाने मारला, असे धरू. नेटपर्यंत पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो जवळजवळ १.४ मीटर खाली येतो, म्हणजे नेटपाशी तो जमिनीलाच टेकलेला असतो. वेग ताशी १०० किलोमीटर केला तरी नेटपाशी तो अर्ध्या मीटरच्या आसपास असेल. हवेचा विरोध धरला तर त्याहूनही खाली. त्यात टॉपस्पिन घातला की तो आणखी लवकर बुडणार. ८० किलोमीटरच्या वेगाने नेटवरून सुरक्षित अंतराने जायचे असेल, तर खांद्याच्या उंचीवरूनही चेंडू आठ-नऊ अंश वर निघावा लागतो, आणि असा चेंडू तरीही कोर्टाच्या आतच पडतो. दूरदर्शनवर खांद्यावरून सपाट हाणलेले फोरहँड पाहून आपली फसगत होते. २००९ ची यूएस ओपन जिंकणारा डेल पोट्रो १.९८ मीटर उंच आहे. आपल्या खांद्यापर्यंत येणारा चेंडू त्याच्या छातीपर्यंतच येतो आणि त्याच्या रॅकेटचा वेग तर आपल्या हिशेबातच बसत नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती हाताची नसून नेमाची आहे. उंच चेंडूवर नजर नेटच्या पट्टीवर न ठेवता तिच्या वर एक रॅकेटभर, म्हणजे सुमारे ६८ सेंटिमीटर, असलेल्या हवेतल्या जागेवर ठेवावी. शिवाय फटका शक्यतो तिरपा मारावा. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर तर खांबांपाशी १.०७ मीटर असते, आणि एकेरी कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा सुमारे १.४ मीटरने जास्त भरतो. म्हणजे तिरप्या फटक्याला नेटही ठेंगणे मिळते आणि कोर्टही लांब मिळते.

आता बेसलाइनच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूंविषयी. त्यांचे कारण जोर जास्त झाला हे क्वचितच असते. बहुधा चेंडू अंगाजवळ आलेला असतो. हात खांद्याच्या सांध्यातून फिरतो, त्यामुळे कमरेच्या उंचीवर चेंडू घेताना तळहात अंगापासून जितका दूर असतो, त्याहून तो खांद्याच्या उंचीवर अधिक दूर जातो. पाय मात्र सवयीने कमरेच्या चेंडूसाठी लागते तेवढेच अंतर राखतात. परिणामी कोपर बरगड्यांकडे दुमडते, रॅकेटचे तोंड आभाळाकडे उघडते आणि चेंडू तरंगत बाहेर जातो. आपल्याला याची खात्री करून घ्यायची असेल, तर फटका मारून झाल्यावर त्याच जागी थांबा आणि कोपर कुठे आहे ते पाहा. उंच चेंडूसाठी उभे राहताना बाजूचे अंतर साधारण एका वितीने वाढवावे आणि चेंडू डाव्या पायाच्याही थोडा पुढे घ्यावा. (आपण उजव्या हाताने खेळता असे मी गृहीत धरले आहे.) हे अंतर शेवटच्या क्षणी वाढवता येत नाही. समोरच्याच्या रॅकेटवरून चेंडू निघताना तो नेटवरून किती उंच येणार हे दिसतेच. उंच येणार असे दिसले की त्याच क्षणी खांदे वळवून, डावा हात रॅकेटच्या मानेवर ठेवून, लहान लहान पावलांनी मागे आणि बाजूला सरकावे. टप्पा पडेपर्यंत वाट पाहणाऱ्याला पुढे मागे सरकायला वेळच उरत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका या उशिरामुळेच होतात.

फटक्यातला बदल त्या मानाने छोटा आहे. रॅकेट मागे नेताना हात खांद्याच्या उंचीलाच ठेवावा. कमरेच्या चेंडूसारखे रॅकेटचे टोक गुडघ्यापर्यंत खाली पाडले, तर तिथून खांद्यापर्यंत वर यायला फार लांबचा प्रवास होतो आणि वेळ चुकते. टोक चेंडूच्या किंचित खाली, एवढेच पुरे. चेंडूला स्पर्श झाल्यावर रॅकेट गाडीच्या वायपरसारखी अंगासमोरून डावीकडे फिरावी आणि डाव्या दंडापाशी थांबावी. ती डोक्यावर गेली तर चेंडूही वर जातो. वजन उजव्या पायावर घेऊन उघड्या पवित्र्यात, म्हणजे दोन्ही पाय साधारण नेटला समांतर ठेवून, उभे राहिल्यास कंबर मोकळी फिरते. जोरात फटका मारताना पाय जमिनीवरून सुटले तर सुटू द्यावेत, पण मुद्दाम उडी मारू नये.

ग्रिपविषयी, म्हणजे दांडा धरण्याच्या पद्धतीविषयी, आपण स्पष्ट लिहिलेले नाही, परंतु कमरेच्या उंचीवर उत्तम आणि खांद्यावर दुबळा हे वर्णन ईस्टर्न ग्रिपचे (तळहात दांड्याच्या थेट मागे) आहे. बॅडमिंटन खेळून टेनिसकडे आलेल्यांची ग्रिप बहुधा कॉन्टिनेंटलकडे (हातोडा धरल्यासारखी) झुकलेली असते, आणि तिथे तर खांद्याच्या उंचीवर रॅकेटचे तोंड उघडेच राहते. एक साधी चाचणी करावी. कोर्टाच्या मागच्या जाळीसमोर उभे राहून, चेंडू मारण्याच्या क्षणी असावी तशी रॅकेट खांद्याच्या उंचीवर धरावी आणि तारा जाळीवर सपाट टेकवून जोराने ढकलून पाहावे. मनगट अवघडत असेल, तर तर्जनीच्या बुडाचे पेर अष्टकोनी दांड्याच्या एका कडेने पुढे, दांड्याच्या खालच्या अंगाला सरकवून पुन्हा ढकलावे. ही सेमी-वेस्टर्न ग्रिप झाली. मनगट मागे झुकलेले आणि तळहात दांड्याच्या मागे-खाली आल्याने जोर सरळ लागतो हे लगेच जाणवेल. त्याहून पुढची वेस्टर्न ग्रिप उंच चेंडूला आणखी सोयीची असते, पोलंडची खेळाडू श्वियाँतेक तीच वापरते, परंतु सिमेंटवर खाली राहणारे चेंडू तिने उचलणे कठीण जाते, म्हणून तिच्या नादी लागण्याची गरज मला वाटत नाही. ग्रिप बदलल्यावर काही आठवडे सगळेच फटके बिघडतील. त्या काळात गुणांचे सामने खेळू नयेत.

चेंडू खांद्याच्याही वर जाणार असेल, तर तो तिथे घ्यायचाच कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. एक पर्याय म्हणजे दोन-तीन मीटर मागे जाऊन तो पुन्हा कमरेपर्यंत उतरू देणे. हा सोपा आहे, पण आपल्याकडच्या अनेक जुन्या कोर्टांवर मागची जाळी इतकी जवळ असते की रॅकेट तारेत अडकते. शिवाय मागे गेलेल्या खेळाडूला तिरप्या कोनात पळवणे जोडीदाराला सोपे होते. दुसरा पर्याय म्हणजे पुढे सरकून चेंडू वर चढत असतानाच, कमरेच्या आसपास, आखूड फटक्याने घेणे. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने नदालचे उसळते चेंडू असेच लवकर घेतले. तिथे परीक्षा बॅकहँडची होती, तरी विचार तोच. सिमेंटवर उसळी एकसारखी असल्याने आपल्याला हा पर्याय जमण्यासारखा आहे. आमच्या मातीच्या कोर्टावर, विशेषतः नीट रोलर न फिरवलेल्या दिवशी, तो जुगार ठरतो.

पाचगणीतला वाढलेला त्रास खरा आहे, मनाचा खेळ नाही. नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यास १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा असा नियम आहे, आणि समुद्रसपाटीपासून १,२१९ मीटरच्या वर खेळण्यासाठी नियमांत वेगळ्या चेंडूंची तरतूद आहे. पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या वर आहे. सातारा बराच खाली. वर हवेचा दाब कमी असल्याने आतून दाब भरलेला चेंडू अधिक ताठ होतो आणि विरळ हवेत तो कमी मंदावतो. तिकडे जाताना नवा डबा फोडू नये. साताऱ्यात वापरून थोडे मऊ पडलेले चेंडू न्यावेत आणि रॅकेटच्या तारा एक-दोन पौंड घट्ट असतील तर चेंडू ताब्यात राहायला मदत होते.

सरावासाठी आम्ही नेटच्या दोन्ही खांबांना बांबू बांधून १.६ मीटर उंचीवर सुतळी ताणतो. एकाने सर्व्हिस लाइनजवळून (नेट आणि बेसलाइन यांच्या मधल्या आडव्या रेषेजवळून) हाताने चेंडू उंच फेकायचा, जेणेकरून टप्पा पडून तो दुसऱ्याच्या खांद्यापर्यंत येईल. दुसऱ्याने तो सुतळीच्या वरून आणि समोरच्या सर्व्हिस लाइनच्या पलीकडे टाकायचा. सुरुवातीला जोर निम्माच ठेवावा. चेंडू सुतळीच्या खालून जात असेल तर नेम चुकतो आहे, सुतळीवरून जाऊन बेसलाइनबाहेर पडत असेल तर आधी पायांचे अंतर तपासावे, आणि ते ठीक असूनही चेंडू बाहेर जात असेल तरच ग्रिपकडे वळावे. खांदा किंवा कोपर दुखू लागल्यास त्या दिवशीचा उंच चेंडूंचा सराव थांबवून व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका) खेळावी.