पहिला बिल्ला घेताना

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गणवेशांवरचे बिल्ले जमवायचे असतील, तर एसएसच्या (नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेच्या) कॉलरपट्ट्यांपासून सुरुवात करू नका. नकलांचा सुळसुळाट तिथेच आहे. आधी जर्मन भूदलाचा छातीवरचा, यंत्रावर विणलेला गरुड घ्या. वुपर्टालच्या ‘बेवो’सारख्या कारखान्यांनी असे बिल्ले भरपूर विणले, त्यामुळे ते अजून आवाक्यात आहेत. मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊच नका. अतिनील दिव्याखाली धागा निळसर-पांढरा चमकला, तर माल बहुधा युद्धानंतरचा. मात्र चमकला नाही म्हणून अस्सल ठरत नाही! भाव मागितलेल्या किमतीवरून काढू नका, लिलावात तसाच नग प्रत्यक्ष कितीला गेला ते बघा. ‘आजोबांनी युद्धातून आणला’ या कहाणीचे पैसे मोजू नका. मला स्वतःला गणवेशावरून उसवलेला, जुन्या टाक्यांच्या खुणा असलेला बिल्ला कोऱ्यापेक्षा प्यारा.