वाचकांचे प्रश्न : जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवताना

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जपानविषयीची आहेत. निइगाता प्रांतातील एका लहान गावी मी चार वर्षे साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून काम केले असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे पाठवली. चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी गेल्या ऑगस्टपासून जपानमधील एका कनिष्ठ माध्यमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. वर्गात प्रश्न विचारला की मुले माना खाली घालून बसतात, एकही हात वर येत नाही. माझ्यासोबत वर्गावर येणारे जपानी शिक्षक तास संपल्यावर फक्त आभार मानतात. माझे कुठे चुकते आहे, हे कुणी सांगतच नाही. मी काय करावे? — एक वाचक, मूळ नाशिकच्या

उत्तर : पहिले तीन महिने माझीही हीच अवस्था होती. आपल्याकडच्या वर्गात शिक्षकांचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच ‘बाई मी, बाई मी’ असा गलका होतो आणि त्या गलक्यावरूनच तास रंगला की नाही हे आपण ठरवतो. तेच माप घेऊन मी तिथे गेले होते, त्यामुळे शांत वर्ग म्हणजे कंटाळलेला वर्ग असा निष्कर्ष मी फार लवकर काढला. प्रत्यक्षात ती मुले कंटाळलेली नव्हती. चाळीस डोळ्यांसमोर एकट्याने चुकण्याची तयारी नसणे हे एक कारण होते, आणि बरोबर उत्तर देऊन इतरांपेक्षा पुढे गेल्यासारखे दिसणेही त्यांना तितकेच अवघड वाटत होते. हे दुसरे कारण माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

त्यामुळे ‘कोण सांगेल?’ हा प्रश्न तिथे निरुपयोगी ठरतो. आधी शेजाऱ्याशी बोलून उत्तर ठरवायला एक मिनिट द्यावे आणि मग जोडीला विचारावे, म्हणजे उत्तर दोघांचे होते आणि चुकले तरी दोघांचे चुकते. मी ही पद्धत सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात कुजबुज सुरू झाली, आणि एरवी मला त्रासदायक वाटणारा तो आवाज त्या दिवशी फार गोड वाटला. तिसऱ्या वर्षाच्या, म्हणजे आपल्याकडच्या नववीच्या, मुलांकडून मात्र बोलण्याची फार अपेक्षा ठेवू नका. सहा अधिक तीन अशी नऊ वर्षे सक्तीच्या शिक्षणाची झाली की त्यांना उच्च माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी वाचन, व्याकरण आणि ऐकून समजणे यांना महत्त्व असते, तुमच्याशी मारलेल्या गप्पांना नसते.

आता सहकाऱ्यांविषयी. जपानीत ‘हवा वाचणे’ असा एक वाक्प्रचार आहे. न बोललेले ओळखणे, असा त्याचा अर्थ. तुमच्या सहकाऱ्यांनी ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’ एवढेच म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो स्पष्ट नकार समजावा. ‘हाय’ या शब्दाचा अर्थ पुस्तकात ‘होय’ असा दिलेला असतो, पण बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ बहुधा ‘मी ऐकतो आहे’ एवढाच असतो. मी एकदा पावसाळी दिवशी मैदानावर खेळ घेण्याची योजना मांडली तेव्हा सोबतचे शिक्षक तीन वेळा ‘हाय’ म्हणाले, आणि चौथ्यांदा त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मी ते पाहणे वाचले नाही. त्यांना थेट ‘माझे काय चुकले?’ असे विचारून फारसे हाती लागणार नाही. त्याऐवजी ‘पुढच्या तासाला हा भाग दोन प्रकारे घेता येईल, आपल्याला कोणता सोयीचा वाटतो?’ असे विचारून पाहावे. निवड करायला सांगितले की मत मिळते.

आणखी एक गोष्ट मनाला लावून घेऊ नये. इतर शिक्षकांना आडनावापुढे ‘सेन्सेई’, म्हणजे ‘गुरुजी’, जोडून हाक मारतात आणि तुम्हाला मात्र बहुधा पहिल्या नावाने. यात अनादर नाही, पण तुमचे स्थान पाहुण्याचे आहे याची आठवण त्यात नक्कीच आहे. परदेशी तरुणांना साहाय्यक शिक्षक म्हणून जपानी शाळांत बोलावणाऱ्या, १९८७ साली सुरू झालेल्या सरकारी जेट योजनेतही एक-एक वर्षाचा करार वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षेच राहता येते. शाळा त्या मुदतीची जाणीव ठेवूनच तुमच्याशी वागते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मुलाला जपानमध्ये शाळेत नोकरी मिळाली आहे आणि दुपारचे जेवण शाळेतच असते असे कळले. तिथे त्याचे कसे होईल? — एक आई, सांगली

उत्तर : घरी स्वयंपाक करून तो उत्तम राहू शकेल, तांदूळ तर निइगातासारखा कुठे मिळत नाही. अडचण आहे ती शाळेतल्या ‘क्युशोकु’ची. हे जेवण केवळ पोटभरीसाठी नसते, तो शिक्षणाचाच भाग मानला जातो. मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून आपापल्या वर्गात वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबतच जेवतात, आणि सगळ्यांच्या ताटात पदार्थ पडल्यावर हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. हे पाहून ‘वदनी कवळ घेता’ म्हणणाऱ्या आपल्या पंगती मला हमखास आठवत. मुलांशी इंग्रजीत खरे बोलणे होते ते याच वीस मिनिटांत, म्हणून डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत एकट्याने जेवण्याचा मोह त्याने टाळावा.

मुख्य पेच माशांचा आहे. मांस नको असे सांगितल्याने मासे वगळले जात नाहीत, आणि मासे नको असे सांगितले तरी ‘दाशी’ राहतेच. दाशी म्हणजे बोनिटो माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचा अर्क. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याचे पदार्थ या सगळ्यांत तो असतो आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना तो ‘मासा’ वाटत नाही, जसे आपल्याला फोडणीतले हिंग वेगळा पदार्थ वाटत नाही. समुद्री शेवाळ्याची, म्हणजे कोम्बुची, दाशी चालते, पण शाळेचे जेवण शेकडो मुलांसाठी एकत्र होते, एकट्यासाठी ती वेगळी कोण करणार? महिन्याच्या सुरुवातीला पदार्थांची छापील यादी मिळते. ती एखाद्या सहकाऱ्याकडून समजून घ्यावी, आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वर्गातच बसून घरचा डबा खावा. परवानगी पहिल्याच आठवड्यात घ्यावी. वाढून घेतलेले ताटात टाकणे हे नकार देण्यापेक्षा कितीतरी वाईट दिसते. मी स्वतः शेवटी दाशीपुरती तडजोड केली, पण तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे.

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, नंतर इंग्रजीत एम. ए. केले. माझे भारतीय उच्चार तिथे चालतील का? — एक शिक्षक, लातूर

उत्तर : उच्चारांच्या आधी एका नियमाकडे पाहावे लागेल. सार्वजनिक शाळेत साहाय्यक म्हणून परकीय भाषा शिकवण्यासाठी जो ‘शिक्षक’ प्रकारचा व्हिसा लागतो, त्यासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. अकरावी ते एम. ए. मिळून आपली सात वर्षेच भरतात. खाजगी संभाषण-वर्गांसाठीचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याचे निकषही वेगळे आहेत, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलातीकडून लेखी खुलासा मागवावा. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तसे मी नोंदवून ठेवते, कारण परकीय भाषा शिकून मिळवलेला माणूस ती शिकणाऱ्याची अडचण जास्त ओळखतो.

जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. ‘वाताशि वा किनो गाक्को नि इत्ता’ हे वाक्य ‘मी काल शाळेत गेले’ याच क्रमाने चालते, ‘नि’ हा आपल्या ‘त’ प्रत्ययासारखा नामामागे लागतो, आणि इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ यांना दोन्हीकडे जागा नाही. ती मुले ‘द’ कुठे गाळतात हे मला न शिकवता कळे, कारण पाचवीत मीही तिथेच गाळला होता. उच्चारांचे म्हणाल, तर पाठ्यपुस्तकासोबतच्या ध्वनिफिती बहुधा अमेरिकी वळणाच्या असतात. आपण शब्दातला आघात नीट सांभाळला तर मुलांना अडचण येत नाही. त्यांची खरी लढाई वेगळीच असते : ‘मिल्क’ला त्यांच्या लिपीत ‘मिरुकु’ व्हावे लागते आणि ‘लाईट’ व ‘राईट’ त्यांना एकच ऐकू येतात. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा नियमित विषय झाला आहे, त्यामुळे लहान वयातच हे कान तयार करण्याचे काम आता साहाय्यकांकडे अधिक येते.

प्रश्न : जाताना शाळेसाठी आणि स्वतःसाठी काय न्यावे? — एक वाचक, पणजी

उत्तर : शाळेसाठी प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असलेला खाऊ न्यावा, कारण तो प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवला जातो. डब्यातले सुटे लाडू सुंदर असले तरी तिथे कुणाला त्यांचे काय करावे हे कळत नाही. मांसाचा अंश असलेला कोणताही पदार्थ नेऊ नये, विमानतळावर तो काढून घेतात. इथला मिक्सर नेऊ नका, तिथला वीजदाब १०० व्होल्ट आहे. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, स्टीलचा घ्यावा.

शाळेच्या आत घालण्यासाठी स्वच्छ तळव्यांचे वेगळे बूट हवेत. आणि एक जाडसर फडके. रोज साधारण वीस मिनिटे सगळी शाळा मिळून वर्ग, जिने आणि शौचालये स्वच्छ करते, शिक्षकही त्यात असतात. पहिल्या दिवशी फडके हातात घेताना मी क्षणभर अडखळले. आमच्या शाळेत झाडू कोणाच्या हाती असायचा, आणि का, हे त्या क्षणी आठवले होते. शेजारच्या आठवीतल्या मुलीने मला गुडघे न टेकता, कंबर वर ठेवून, दोन्ही हातांनी फडके पुढे ढकलत सरळ रेषेत कसे धावायचे ते दाखवले, आणि तो तिने मला इंग्रजीत दिलेला पहिला धडा होता : ‘लाईक धिस.’