संगणक ठरवणार, मग डॉक्टर कशाला?

"वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी ट्रायलमध्ये येणार का, असं विचारलंय. कुठला उपचार मिळणार ते म्हणे संगणक ठरवणार. आम्हाला तर हा जुगार वाटतो. वडिलांवर प्रयोग होऊ द्यायचा का?"

शब्द बदलून हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. उत्तरादाखल एका काकांची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वीची आहे आणि ओळख लागू नये इतपत तपशील बदललेत.

काका 68 वर्षांचे, सगळी नोकरी हिशेबात गेलेली. सोबत लेक. तिने संमतिपत्र आधीच वाचून काढलं होतं आणि 'यादृच्छिक' या शब्दाखाली तीन रेघा मारल्या होत्या. "यदृच्छा म्हणजे मनाला येईल तसं ना?" काकांनी विचारलं. हा शब्द सरकारी मराठीत कुणी आणला कोण जाणे, पण निम्म्या घरांची झोप त्याने उडवली आहे. इथे खरं तर उलटंच असतं. डॉक्टरांच्या, आमच्या, तुमच्या, कुणाच्याच मनाला येईल तसं होऊ नये म्हणून गट पाडायचं काम संगणकाकडे दिलेलं असतं. नाहीतर धडधाकट माणसं एका गटात आणि थकलेली दुसऱ्या गटात, असं नकळत होतं. मग फरक उपचाराचा की माणसांचा, ते कळत नाही.

ट्रायल अशी होती: एका गटाला शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, 20 फेऱ्या, दुसऱ्याला फक्त 5. हार्मोनचं इंजेक्शन, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं, दोघांनाही.

इथे मी चूक केली. धीर द्यायच्या नादात म्हणून गेले, "काळजी करू नका, दोन्ही उपचार सारखेच चांगले आहेत."

लेक म्हणाली, "सारखेच आहेत हे माहीत असेल, तर ट्रायल कशाला करताय?"

मला उत्तर सुचेना. बरोबर होतं तिचं. थोडं थांबून जे खरं होतं ते सांगितलं: वीस फेऱ्यांचं माहीत आहे. पाचचं काही रुग्णांत चांगलं दिसतंय, पण बाबांसारखा इंजेक्शन लागणारा आजार असेल तर तेवढंच काम होतं का, ते अजून कळायचंय. डॉक्टरांना एक बाजू नक्की उजवी आहे असं माहीत असतं, तर चिठ्ठ्या टाकायला नीतिसमितीने परवानगीच दिली नसती.

तिची खरी भीती मग बाहेर आली. फाइलच्या मागच्या बाजूवर तिने आकडेमोड केली होती. वीस फेऱ्यांत 60 ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचं माप). पाच फेऱ्यांत 36.25. "सव्वाछत्तीस! जवळजवळ निम्म्यावर आणलंत की. कमी औषध देऊन बघायचं, असंच ना?"

हिशेबनिसाची लेक शोभली. पण शेकाची बेरीज पैशांसारखी होत नाही. वीस फेऱ्यांत दर वेळी 3 ग्रे बसतात, पाचमध्ये 7.25. एकाच वेळी मोठा मारा बसला की पेशीला स्वतःची डागडुजी करणं अवघड जातं आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी अशा मोठ्या माऱ्याला विशेष हळव्या असतात. त्यामुळे एकूण आकडा लहान दिसला, तरी घाव लहान नसतो. आजूबाजूच्या मूत्राशयाला आणि गुदाशयाला तो कितपत सोसतो, हा वेगळा प्रश्न. तो कागदावर सुटत नाही, म्हणूनच ट्रायल.

त्याच फाइलवर मी तिला 37, 20, 19 असे तीन आकडे लिहून दाखवले. ब्रिटनमधून चाललेल्या 'चिप' नावाच्या अभ्यासातले. 3,216 पुरुष होते. पूर्वी 37 फेऱ्या देत, म्हणजे साडेसात आठवडे रोजची ये-जा. त्याऐवजी 20 किंवा 19 फेऱ्या चालतील का, हे बघायचं होतं. 2016 साली निकाल आले. पाच वर्षांनी आजार न उलटलेले 37 च्या गटात 88.3 टक्के, 20 च्या गटात 90.6 टक्के, 19 च्या गटात 85.9 टक्के. वीस पास झाले. एकोणीस मात्र जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडत नाही, असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही.

"एका फेरीचा फरक?" काका पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

एका फेरीचा, 3 ग्रेचा. डॉक्टर कितीही अनुभवी असले तरी हे अंदाजाने सांगता आलं नसतं. बाबांना आज बिनदिक्कत वीस फेऱ्या देतात, त्या या लोकांमुळे. इंजेक्शनचंही तसंच. शेकासोबत तीन वर्षं हार्मोनचं औषध दिलं तर काय होतं, हे 415 रुग्णांच्या युरोपियन अभ्यासाने 1997 मध्ये दाखवलं: पाच वर्षांनी हयात असलेले 62 टक्क्यांवरून 79 टक्क्यांवर गेले.

जास्तीचं ते चांगलं, असंही दर वेळी नसतं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये जोड कामाला आली. 360 रुग्णांच्या अभ्यासात शेकाबरोबर केमोची दोन औषधं दिली, तेव्हा दोन वर्षांनी मूत्राशयात आणि आसपास आजार न उलटलेले 54 वरून 67 टक्के झाले, आणि मूत्राशय काढून न टाकण्याचा पर्याय अधिक भक्कम झाला. उलट प्रोस्टेटच्या स्टॅम्पीड नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिड नेहमीच्या उपचाराला जोडून पाहिलं, त्याने आयुष्य वाढलं नाही. नुसत्या तर्काने गेलो असतो, तर आजही सगळ्यांना ते टोचत बसलो असतो.

लेकीचं समाधान झालंसं वाटलं. ती फोन घ्यायला बाहेर गेली आणि काका खाली बघत म्हणाले, "मॅडम, मला पाचच मिळावेत असं काही करता येईल का?"

कारण विचारलं तर बराच वेळ बोलेनात. प्रोस्टेटच्या शेकाला मूत्राशय भरलेलं ठेवायचं असतं, म्हणजे आतडी वर ढकलली जातात आणि माऱ्यातून वाचतात. म्हणून ठरलेलं पाणी पिऊन थांबायचं आणि टेबलावर हलायचं नाही. प्लॅनिंगच्या स्कॅनला काकांना धरवलं नव्हतं. पँट ओली झाली. बाहेर लेक बसलेली. स्वेटर कमरेला बांधून ते तिच्यासमोरून गेले आणि थंडी गेली म्हणाले. वीस फेऱ्या म्हणजे त्यांच्या लेखी वीस वेळा तीच शक्यता.

आकडेवारीत मी अर्धा तास घातला होता आणि मुद्दा हा होता.

गट बदलून देणं माझ्या हातात नव्हतं, ते तसंच सांगितलं. ट्रायलला नाही म्हणायची पूर्ण मुभा आहे. नाही म्हटलं तर नेहमीचे वीस मिळतील, नंतर बाहेर पडलात तरी उपचार थांबणार नाहीत, हेही सांगितलं. पण लघवीचं मात्र करण्यासारखं होतं. टेक्निशियनशी बोलून पाणी किती आणि किती आधी प्यायचं ते पुन्हा बसवलं. पॅड वापरण्यात कमीपणा नाही, हे त्यांना एका टेक्निशियननेच सांगितलं, आणि पुरुषाने सांगितल्यामुळे ते पटलं. मशीनवर झोपल्यावर हात वर केला की शेक थांबवून बाहेर घेतील, हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांनी सही केली. संगणकाने त्यांना वीसच्या गटात टाकलं. लेकीचा चेहरा सैलावला, काकांचा पडला. मी त्या दिवशी दोघांनाही काही समजवायला गेले नाही. वीसपैकी दोन दिवस पॅड लागलं, एवढं त्यांनी नंतर सांगितलं. इंजेक्शनमुळे अंगातून वाफा निघायच्या, त्याबद्दल मात्र भरपूर बोलले.

पुढे 2024 मध्ये पाच फेऱ्यांच्या दुसऱ्या एका ट्रायलचे पाच वर्षांचे निकाल आले. ते 874 रुग्ण काकांपेक्षा सौम्य आजाराचे होते, इंजेक्शन न लागणारे. आजार आटोक्यात ठेवण्यात पाच फेऱ्या कमी पडल्या नाहीत: 95.8 टक्के, नेहमीच्या शेकात 94.6. लघवीचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास मात्र पाच फेऱ्यांत 26.9 टक्क्यांना झाला, नेहमीच्या शेकात 18.3 टक्क्यांना.

त्यानंतर काका तपासणीला आले तेव्हा त्यांना हे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि कागद लेकीच्या हाती न देता घडी घालून खिशात ठेवला.