'बिरड्याचा रोजा' आणि आव महिना

'बिरड्याचा रोजा' यातलं बिरडं वालाचंच का, आणि ज्यू लोकांच्या उपासाला 'रोजा' कसं काय, असा प्रश्न आलाय.

वालाचंच. भिजवून, मोड आणून, सोललेले वाल. पुण्याकडे त्यांना डाळिंब्या म्हणतात. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीचा उपास बिरडं खाऊन सोडत, म्हणून हे नाव. त्यांचे जुने सणही असेच घरगुती नावांचे: नव्याचा सण, खिरीचा सण.

हिब्रू महिना चंद्रदर्शनाला सुरू होतो, तेव्हा ही आपल्या हिशेबानं शुद्ध नवमीच्या आसपासची तिथी. फक्त दिवस सूर्यास्ताला उजाडतो! आव येतो जुलै-ऑगस्टात, निसान या वसंतातल्या महिन्यापासून मोजला तर पाचवा. हिब्रू बायबलात त्याला नावच नाही, नुसता 'पाचवा महिना'. 'आव' हे नाव ज्यूंनी बॅबिलोनमधल्या बंदिवासातून आणलं. आणि याच महिन्यात, इ.स.पू. ५८६ मध्ये, बॅबिलोनच्या सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं होतं. दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. परंपरा दोन्हींचा शोक नवमीलाच पाळते.

'आव लागला की आनंद आखडता घ्यावा' असं मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात, सांगितलंय. अनेक ज्यू घरांत पहिले नऊ दिवस शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सोडून मांस आणि वाइन बंद असते. नवमीला पाणीसुद्धा वर्ज्य, चामड्याची पादत्राणं नाहीत, आणि जमिनीवर बसून विलापगीतं वाचायची. नवमी शब्बाथला आली तर उपास रविवारी. पण लगेच पंधराव्या तिथीला याच महिन्यात आनंदाचा दिवस आहे: मिश्नानुसार त्या दिवशी जेरुसलेमच्या मुली उसने पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत.

बिरडंच का? इतरत्र ज्यू परंपरेत मसूर हे शोकाचं अन्न आहे. मसुराला तोंड नसतं, तसं शोक करणाऱ्याकडे बोलायला काही नसतं, असा त्याचा अर्थ लावतात. कोकणात मसुराची जागा वालानं घेतली असावी. हा माझा तर्क, पुरावा नव्हे. शिवाय त्या दिवसांत कोकणात घरोघरी बिरडं होतंच.

'रोजा' हा फारसी शब्द. शेजारच्या मुसलमानांच्या तोंडचा उपासाचा शब्द यांनी सहज उचलला. एलुल, म्हणजे आवनंतरचा महिना. त्यातल्या उपासांना तर ते चक्क 'रमजान' म्हणत.