बसलं की अडवणारच ना, मग चालू कसं करतं?

प्रश्न : सर, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते, बारावीच्या मुलांच्या बायोच्या ट्यूशन घेते. लॅक ऑपेरॉनमध्ये, म्हणजे ई. कोलाय बॅक्टेरियातल्या लॅक्टोज साखर पचवणाऱ्या जीन्सच्या गटात, रिप्रेसर (जीन बंद ठेवणारं प्रोटीन) डीएनएवर बसतो आणि वाट अडवतो इथपर्यंत पोरांना पटतं. पण पुस्तकात पुढे पॉझिटिव्ह रेग्युलेशन (प्रोटीन बसून जीन चालू होणं) पण असतं एवढं म्हणून तो भाग या लेव्हलच्या बाहेरचा म्हणून सोडून दिलाय. परवा एकाने विचारलं की टीचर, प्रोटीन बसलं की अडथळाच होणार, मग बसून जीन चालू कसा करेल? काय सांगू?

उत्तर : ताई, पोरगं हुशार आहे. १९६१ ला जेकब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी रिप्रेसरचं मॉडेल मांडलं, १९६५ ला नोबेल पण मिळालं, त्यामुळे कंट्रोल म्हणजे अडवणंच अशी तेव्हा हवा होती. एलिस एंगल्सबर्ग हे शास्त्रज्ञ ॲराबिनोज साखरेच्या जीन्सवरून सांगत होते की इथे प्रोटीन नसेल तर जीन चालूच होत नाही, ते पचायला लोकांना वेळ लागला.

तर जीन वाचायचं काम आरएनए पॉलिमरेजचं, आणि त्याची बसायची जागा म्हणजे प्रमोटर. लॅकचा प्रमोटर मुळातच कमजोर आहे, पॉलिमरेजला टीएटीएएटी अशी अक्षरं (म्हणजे डीएनएचे बेस) हवी असतात आणि इथे टीएटीजीटीटी आहेत, म्हणजे रिप्रेसर उठून गेला तरी पॉलिमरेज काही नीट टिकत नाही. ग्लुकोज संपलं की ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं, ते कॅप नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि मग कॅप डीएनएवर बसतं, पण कुठे, तर वाचन सुरू होतं तिथून साधारण ६० अक्षरं मागे. वाटेत नाहीच! तिथून ते पॉलिमरेजच्या अल्फा भागाला धरून ठेवतं, रिक्षात चढणाऱ्या आजींना आतून कोणी हात द्यावा तसं. डीएनए पण तिथे जवळजवळ ९० डिग्री वाकतो.

जागा ओळखायला डीएनए उघडावा लागत नाही बरं का, कॅपची एक छोटी हेलिक्स (पिळदार भाग) डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरते आणि बेसच्या कडा बाहेरूनच चाचपते.

आता पोरगा हट्टी असेल आणि म्हणाला की बाजूला बसलं म्हणून जमलं, तर त्याला मर-आर सांगा, मला स्वतःला कॅपपेक्षा हेच जास्त आवडतं. पाऱ्याला दाद न देणाऱ्या बॅक्टेरियात हे प्रोटीन प्रमोटरच्या बरोब्बर मधोमध बसतं. प्रमोटरच्या दोन खुणांमध्ये सहसा १७ अक्षरं असतात, इथे १९ आहेत, त्यामुळे दोन्ही खुणा डीएनएच्या पिळावर एका बाजूला येत नाहीत आणि पॉलिमरेज येऊन बसलं तरी अडकून पडतं. पारा आला की तो मर-आरला चिकटतो, आणि मर-आर उठत नाही, सरकत पण नाही, बसल्या जागी डीएनएचा पीळ जरा सैल करतं, खुणा जुळतात आणि जीन सुरू. तेच प्रोटीन, तीच जागा, आधी बंद आणि मग चालू.

परीक्षेत यातलं काही येणार नाही, मार्कांसाठी रिप्रेसरच घोटवून घ्या.