पाळी थांबली, पोरगी शांत झाली. पण बरी झाली का?

"मॅडम, गोळ्यांनी तिची पाळी थांबलीय आणि शांतही झालीय. आता पिशवीच काढून टाकली तर कायमची सुटेल का?"

बौद्धिक दिव्यांग मुलींच्या आया हा प्रश्न वारंवार विचारतात, बहुतेकदा दार लोटून घेतल्यावर, खालच्या आवाजात. इथली मुलगी चोवीस वर्षांची, तालुक्याच्या गावची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बुद्ध्यांक 45च्या आसपास, म्हणजे मध्यम स्वरूपाचं दिव्यांगत्व. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते, अंघोळ-जेवण आपलं आपण करते.

नऊ महिन्यांपूर्वी तिचं रडणं सुरू झालं. ताट सरकवायची, पहाटे तीनला उठून बसायची, पाळीच्या दिवसांत गालात मारून घ्यायची. पहिल्या डॉक्टरांनी "अशा मुलांचं असंच असतं" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध लिहून दिलं. मारून घेणं थांबलं, पण ती दिवसभर पडून राहू लागली, वजन आठ किलोंनी वाढलं आणि तिसऱ्या महिन्यापासून पाळीच आली नाही. घरच्यांना वाटलं, गुण आला.

तो गुण नव्हता, गोळीचा दुष्परिणाम होता. रिस्पेरिडोनने रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढू शकतं. त्यामुळे पाळी लांबते किंवा थांबते, कधी स्तनांतून दूध येतं, आणि हे फार काळ चाललं तर हाडं कमकुवत होतात. छातीपाशी कपड्यांवर डाग दिसतात का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "हो, पण कुणी विचारलंच नाही." प्रोलॅक्टिनच्या तपासणीआधी लघवीची गर्भचाचणी मात्र करायचीच. "आमच्या मुलीच्या बाबतीत तसलं काही नाही" असं घरचे कितीही ठामपणे म्हणाले तरी ती टाळायची नाही.

मग मूळचं रडणं कशाचं? ते तिलाच विचारायला हवं होतं, आणि नऊ महिन्यांत ते कुणी केलं नव्हतं. सगळे प्रश्न आईला विचारले गेले होते.

अशा मुलीशी बोलायची रीत वेगळी असते. सकाळची वेळ, वीस मिनिटं, प्रत्येक वेळी तीच खोली. दार उघडं, आई दिसेल अशी बाहेर बसलेली, पण बोलणं ऐकू न येण्याइतकी लांब. "वाईट वाटतं का?" असा हो-नाहीचा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती "हो" म्हणते. चेहऱ्यांची चित्रं ठेवून "आज कुठला?" विचारायचं, आणि थोड्या वेळाने चित्रांची जागा बदलून पुन्हा तेच. "दोन आठवड्यांपासून" तिला कळत नाही. "गणपती गेले तेव्हापासून" कळतं. शरीराचं चित्र दाखवून कुठे दुखतं, कुणी कुठे हात लावला का, हेही विचारायचं, उत्तर तिच्या तोंडात न घालता. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

तिसऱ्या भेटीत रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आजी गावाला. मला नेलं नाही."

आजी दहा महिन्यांपूर्वी वारली होती. अंत्यविधीच्या दिवशी मुलीला शेजारी ठेवलं आणि आजी गावाला गेली असं सांगितलं. ती आजीजवळ झोपायची, दुपारी दोघी वाती वळायच्या. आजी गेल्यावर दिव्यांगांच्या कार्यशाळेत नेणारं कुणी उरलं नाही, म्हणून तेही बंद झालं. भूक गेली, पहाटे जाग यायला लागली, रडू येऊ लागलं, वातींना ती हात लावेना. दुसऱ्या कुणात हे दिसलं असतं तर शेजारीपाजारीही नैराश्य म्हणाले असते.

दिव्यांगत्वाच्या आड आजार झाकला जातो. 1982 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हटलं. मुलींच्या बाबतीत त्यावर आणखी एक पडदा असतो, पाळीचा. काचा फोडणाऱ्या मुलाला आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे नेतात (आणि पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त औषध देतात). कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला कुणी नेत नाही, कारण तिचा कुणाला त्रास नसतो.

उपचार असे झाले. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासलं. कान, दात, बद्धकोष्ठता पाहिली. या साध्या दुखण्यांनीही मुली स्वतःला मारून घेतात. रिस्पेरिडोन मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू कमी केलं. घरच्या घरी एकदम बंद करायचं नसतं. नैराश्याची गोळी अगदी कमी मात्रेत सुरू झाली. तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि "दहा दिवसांत फरक नाही" म्हणून ती सोडून देणं ही नेहमीची चूक.

दुसरीकडे तिला खरं सांगितलं: "आजी मेली. परत येणार नाही." हे शब्द आईला जड गेले. पण "देवाघरी गेली" म्हटलं की मुलगी वाट बघत राहते. फोटो, आजीच्या लुगड्याचा तुकडा आणि कापूस एका डब्यात ठेवला, आणि दुपारी वाती वळायचं काम पुन्हा सुरू झालं.

पाळी परत आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन पाळ्यांची नोंद ठेवली: पाळीला लाल टिंब, रडण्या-मारण्याला निळं. निळी टिंबं पाळीच्या आधीच्या आठवड्यातच दिसली तर उपचाराची दिशा वेगळी असते. अंडाशय शाबूत ठेवून नुसती पिशवी काढली तर तो आधीचा त्रास राहूही शकतो. इथे निळी टिंबं महिनाभर विखुरलेली होती, फक्त पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत दाट. ते पोटातलं दुखणं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी वेळेवर दिल्यावर कमी झालं. पॅडसाठी चड्डीवर आतून पेनाने आकार आखून दिला आणि बदलायच्या चार वेळा ठरवल्या: उठल्यावर, जेवल्यावर, दिवेलागणीला, झोपताना.

पिशवी काढण्याबद्दल वडिलांना वेगळं बोलावून सांगावं लागलं, कारण घरातला निर्णय त्यांचा. 1994 साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या पिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, तेव्हाही पाळीतल्या स्वच्छतेचंच कारण दिलं होतं. आज 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. गाठी किंवा अतिरक्तस्राव असेल तर इतर कोणत्याही बाईसारखीच तिची तपासणी आणि उपचार होतील.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर "मतिमंदांचं इथे नाही" असं ऐकावं लागलं तर वाद घालत बसू नका, "नैराश्यासाठी आलोय" एवढं म्हणा. 2017चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक दिव्यांगत्वाला मानसिक आजार मानत नाही, त्यातूनच हा गोंधळ होतो. पण दिव्यांग व्यक्तीला झालेलं नैराश्य हा मानसिक आजारच आहे, आणि कलम 18 लिंग किंवा दिव्यांगत्व यावरून भेदभाव न करता उपचाराचा हक्क देतं. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), चालू गोळ्यांची पाकिटं आणि कालनिर्णयाचं ते पान न्या. जवळ डॉक्टर नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पाच महिन्यांनंतर ती आठवड्यातून तीन दिवस कार्यशाळेत जाते आहे. तिला सोडायला वडील जातात. लाल टिंब ती स्वतः काढते. नैराश्याची गोळी बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवायची आहे.