चार लाखांच्या तडजोडीवर सही करावी का?

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, मिरकरवाड्यात ट्रॉलरवर खलाशी. हातखंब्याजवळ कारने माझ्या दुचाकीला ठोकले. उजव्या मांडीचे हाड मोडून आत रॉड घातला. बिल २,१०,००० रुपये झाले. सहा महिने घरी होतो. आता डेकवर पाय ठरत नाही. दाखल्यावर २० टक्के अपंगत्व आहे. रत्नागिरीत दावा चालू आहे. कारची विमा कंपनी लोकअदालतीत ४ लाख देते म्हणते. घेऊ का?

उत्तर : नको. बिल वजा जाता १,९०,००० उरतात, आणि त्यात तुमची पुढची सगळी कमाई बसवली आहे.

हिशेब असा. महिना १८,००० मिळत असले तरी जून-जुलैची मासेमारी बंदी आहे, म्हणून वर्षाचे १,८०,०००च धरू. कंपनीही तिथेच बोट ठेवेल. चाळिशीच्या आत स्वतःच्या किंवा वाट्यावरच्या कमाईत भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७) : २,५२,०००. अपघाताच्या वेळी वय ३६ ते ४० असेल तर गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, १५. गुणाकार ३७,८०,०००. त्याचे २० टक्के होतात ७,५६,०००. बिल आणि सहा महिन्यांचे ९०,००० मिळवले की १०,५६,०००. वेदना, सोबतीला माणूस, गाडीभाडे आणि रॉड काढण्याची शस्त्रक्रिया यांचे पैसे वेगळे.

पण खरा मुद्दा २० टक्क्यांचाच आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की डॉक्टरांचा टक्का आणि कमाईतली घट एकच नव्हे. टेबलावर बसून काम करणाऱ्याला हा पाय चालून जाईल. हलत्या डेकवर जाळे ओढणाऱ्याला नाही. दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने घट ४० टक्के मानली तर वरच्या ७,५६,०००चे १५,१२,००० होतात. मात्र जेटीवर मासळी निवडण्यासारखे हलके काम जमत असेल तर तेही विचारात घेतले जाते, ते लपवू नका.

दाखल्यातले २० टक्के फक्त पायाचे की संपूर्ण शरीराचे, हे आजच वाचा. पायाचे असतील तर कंपनी ते आणखी खाली आणेल. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागेल. नुसता कागद जोडून इथेच बरेच दावे मार खातात. रॉड काढण्याच्या खर्चाचा अंदाज त्यांच्याकडून लेखी घ्या. पगारपत्रक नसल्याने बोटमालकाची साक्ष, वाट्याच्या हिशेबाची वही आणि बँकेचे पासबुक लागेल. हे नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते, आणि ते बहुधा कमीच असते.

एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा वकिलांसोबत वाचा. चूक काही अंशी तुमचीही निघाली तर तेवढा टक्का कापला जातो. चूक कारवाल्याचीच असेल तर १० लाखांच्या खाली येऊ नका, असे माझे मत. साक्षी, निकाल, मग अपील यात वर्षे जातात, त्यामुळे त्या आसपासची रक्कम लगेच मिळत असेल तर घेणे शहाणपणाचे.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. एकदा सही झाली की पुढे पाय बिघडला तरी दावा वाढवता येत नाही. नकार दिल्याने मात्र काहीच बुडत नाही : प्रकरण परत न्यायाधिकरणापुढे जाते, आणि दावा दाखल केल्यापासूनचे व्याज मागता येते.